हस्की नव्हे, मॅलम्यूट!

एकोणीसशे त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यात, नागपूरच्या रस्त्यांवरचं डांबर चपलांना चिकटायला लागलं होतं, तेव्हा श्रीनिकेतन टॉकीजमध्ये बर्फाचा सिनेमा लागला. सिनेमा इंग्रजी. गाणं एकही नव्हतं, मारामारी जेमतेम, आणि नटी दिसायची ती इंटरव्हलच्या आधी थोडा वेळ, तीही कानटोपी घालून. बाकी सगळे कुत्रे. बर्फावरून घसरगाडी ओढणारे, जाडजूड केसांचे, तोंडातून वाफा सोडणारे कुत्रे.

टॉकीजचा डोअरकीपर बळीराम रोज कन्हानहून पॅसेंजरने यायचा. सकाळी टांग्यात बसून भोंग्यावरून सिनेमाची जाहिरात करायची आणि दुपारी हातात पाच सेलची बॅटरी घेऊन दार सांभाळायचं, अशी त्याची दोन कामं. पोस्टरवर कुत्र्यांखाली इंग्रजीत बरंच काही छापलं होतं. मालक ताराचंदशेठनी त्यातला एक शब्द कसाबसा लावून दिला होता. त्यामुळे बळीराम सीताबर्डीपासून धरमपेठेपर्यंत घसा फोडून सांगत होता, "पाहा, पाहा! सायबेरियाचे खतरनाक हस्की कुत्ते! उन्हाळ्यात बर्फाचा मजा!"

पहिल्या दिवशी तीनच्या शोला एकोणचाळीस माणसं आली. त्यातली निम्मी कूलरच्या वाऱ्यासाठी आलेली होती आणि टायटल संपायच्या आत झोपली.

पडद्यावर कुत्र्यांची पहिली रांग दिसली, तोच स्टॉलमधून एक म्हातारे गृहस्थ ताडकन उभे राहिले.

"चूक! साफ चूक! हा हस्की नव्हे, मॅलम्यूट आहे!"

बळीराम बॅटरी घेऊन धावला. "काकाजी, खाली बसा. काहून ओरडून राहिले?"

"मी ओरडत नाही, दुरुस्ती करतोय," गृहस्थ म्हणाले आणि बसले.

पाच मिनिटांनी पुन्हा उभे. "आणि हा तर चक्क जर्मन शेफर्ड! अंगाला राख फासून उभा केलाय!"

पुन्हा बसवलं. मग सिनेमातला मुख्य कुत्रा, ज्याला नट सारखा 'बॉय, बॉय' म्हणत होता, तो डोंगर चढायला लागला. तिसऱ्यांदा आवाज आला. "जवळून दाखवला तो कुत्रा. लांबून दिसते ती कुत्री आहे! नीट पाहा!"

मागून ताराचंदशेठनी हाताने खूण केली. बळीरामने गृहस्थांना दंडाला धरून उचललं आणि थेट बाहेर, रणरणत्या उन्हात नेऊन ठेवलं. त्या ओढाताणीत त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. बळीरामला वाटलं, आता शिव्या बसणार. पण म्हाताऱ्याने तुटकी चप्पल हातात घेतली आणि काकुळतीने म्हटलं, "अहो, दोघांत फार फरक आहे हो. डोळे पाहा, शेपूट पाहा. कुणीतरी सांगायला नको का?"

आणि एका पायात चप्पल घालून ते लंगडत निघून गेले. बळीरामला कसंसंच झालं. आत येऊन पाहतो तर झोपलेली माणसंसुद्धा जागी.

"त्या काकाले काहून काढलं बे?" एकाने विचारलं. "आता आमाले कसं समजन, कोणता कुत्रा कोणता हाये ते?"

दुसऱ्या दिवशी तिकीट खिडकीवर बरी गर्दी दिसली. ताराचंदशेठना आनंद झाला. पण जो येई तो आधी विचारी, "ते कुत्रेवाले काका हायेत का आज?" नाहीत म्हटल्यावर निम्मे लोक समोरच्या रसवंतीत गेले.

शेठ कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, "बळीराम, जा भाई. त्या बुढ्ढ्याले घेऊन ये."

"कालच तर हाकललं न मालक."

"काल हाकललं, आज बोलाव. धंदा आहे."

गृहस्थांचा पत्ता मिळायला वेळ लागला नाही. कुत्र्यांबद्दल बोलणारा म्हातारा म्हटल्यावर धरमपेठेतल्या पहिल्याच पानठेलेवाल्याने घर दाखवलं. महादेवराव देवपुजारी, गुरांचे डॉक्टर, सरकारी नोकरीतून निवृत्त. दार त्यांच्या पत्नीने, यमुताईंनी उघडलं. टॉकीजमधून आलोय म्हटल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आता काय केलं यांनी?"

घरात कुत्रा नव्हता. यमुताईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, की ज्या दिवशी घरात कुत्र्याचा केस दिसेल त्या दिवशी मी आर्वीला माहेरी जाईन. नोकरीही अशी, की एकतीस वर्षं काटोल, रामटेक, उमरेड करत महादेवरावांनी बैल तपासले, म्हशींना लस टोचली. कुत्र्याबद्दल त्यांना कधी कुणी काही विचारलंच नाही. होतं ते एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, फोटोंचं. त्यातली बर्फातल्या कुत्र्यांची पानं हाताळून हाताळून मऊ पडली होती. खरा मॅलम्यूट त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पडद्यावर दिसला तो पहिला, आणि त्यालाच लोक हस्की म्हणत होते.

"डॉक्टरसाहेब, कालचं माफ करा," बळीराम म्हणाला. "हे घ्या, नवी चप्पल आणली. चला टॉकीजले."

महादेवरावांनी चप्पल घालून पाहिली. नीट बसली. मग त्यांनी अटी घातल्या. भोंग्यावरून जाहीर दुरुस्ती झाली पाहिजे. पडद्यावर दाखवायला लांब काठी पाहिजे. आणि बळीरामने रोज अर्धा तास पुस्तक पाहायचं, कारण अडाणी माणसाने जाहिरात करू नये.

"आणि माझी एक," यमुताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "इंटरव्हलमध्ये यांना आइस्क्रीम द्यायचं नाही. घसा लगेच बसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी टांग्यातून घोषणा झाली. "मेहरबान, कदरदान! काल आमी हस्की म्हटलं ते आमचं चुकलं! ते मॅलम्यूट हायेत, मॅलम्यूट! खुलासा डॉक्टरसाहेब स्वतः करतीन, रोज तीन वाजता!"

मॅलम्यूट म्हणजे काय हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. पण टॉकीजवाल्याने आपली चूक कबूल केली, हे नागपुरात पहिल्यांदाच घडत होतं. लोक आले.

महादेवराव पडद्याच्या कडेला स्टुलावर उभे राहिले. हातात जळमटं काढायचा बांबू. एकेक कुत्रा पुढे आला की ते टोक लावून सांगत. "हा हस्की. अंगाने हलका, तोंडावर मुखवटा, डोळे निळे. हा मॅलम्यूट. दांडगा, डोळे तपकिरी, शेपूट पाठीवर तुऱ्यासारखं. आणि हा पांढराशुभ्र, हसऱ्या तोंडाचा, हा सॅमोयेड."

सॅमोयेड दिसला की बाल्कनीतून शिट्टी पडायला लागली.

सातव्या रिळात मुख्य कुत्रा मालकाला वाचवताना बर्फाच्या कड्यावरून पडून मरे. मागे दुःखी व्हायोलिन वाजे, नट गुडघ्यावर बसून रडे, बायका पदर डोळ्यांना लावत. डॉक्टरसाहेबांच्या दुसऱ्या शोलाही लावले. एवढ्यात महादेवराव कळवळून ओरडले, "रडू नका! कुणी रडू नका! तो मेलेला नाही! पुढच्या रिळात तिसऱ्या रांगेत उजवीकडे पाहा, गाडीला जुंपलाय! डावा कान फाटलेला आहे, ओळख पटते!"

सगळ्यांनी डोळे पुसले आणि वाट पाहिली. पुढच्या रिळात तिसऱ्या रांगेत उजवीकडे फाटक्या कानाचा कुत्रा ठणठणीत धावत आला. अख्खं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. एक बाई तर म्हणाली, "बाई वं, जीव भांड्यात पडला."

हाउसफुल्लची पाटी दोन वर्षांनी बाहेर निघाली. तिच्यावरची 'फुल्ल' ही अक्षरं उडाली होती, शेठनी ती खडूने भरली. चौथ्या दिवसापासून लोक आपापली कुत्री टॉकीजच्या दाराशी आणायला लागले. महादेवराव प्रत्येकाचे दात, कान, शेपूट पाहून गंभीरपणे जात सांगत, आणि लोक सर्टिफिकेट मिळाल्यासारखे घरी जात. बळीराम पुस्तक पाहून पाहून एवढा तयार झाला, की घरी बायको गोपिकाने गाईची वासरी दाखवली तरी तो आधी डोळ्यांचा रंग पाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली होती. घसरगाडीच्या सगळ्यात मागच्या रांगेत एक भुरा कुत्रा होता. किडमिडा, आखूड केसांचा, पुस्तकात कुठेच नसलेला. तो पडद्यावर आला, की महादेवराव नेमके पाणी प्यायला खाली उतरत. तेरा शो झाले, तेराही वेळा उतरले.

शेवटच्या दिवशी महादेवराव आले ते यमुताईंबरोबर. मे महिन्याच्या उकाड्यात त्यांच्या गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळलेला. आदल्या दिवशी दोन कप आइस्क्रीम त्यांनी चोरून खाल्लं होतं. तोंडातून नुसती हवा येत होती.

"बोलता येत नाही, तरी घरी बसवत नाही यांना," यमुताई म्हणाल्या. "म्हणून मी आले, लक्ष ठेवायला."

आत लोक पाय आपटत होते. शेठ घामाघूम. महादेवरावांनी बांबू बळीरामच्या हातात दिला.

"मी? नाही जी! मी दारावरचा माणूस!"

महादेवरावांनी त्याला ढकललंच.

बळीराम कसाबसा स्टुलावर चढला. पण पहिला कुत्रा आला आणि तोंडातून आपोआप निघालं, "हा मॅलम्यूट! भारी माल हाये. याले गाडी काय, रेल्वेचा डबा जोडला तरी ओढन!" लोक हसले. "अन् हा सॅमोयेड. आमच्या गावच्या सरपंचासारखा, काम कमी अन् हसते जास्त!" आता शिट्ट्या थांबेनात. खाली स्टॉलच्या पहिल्या रांगेत महादेवराव मफलरमधून मान हलवत होते. हो, बरोबर. हो.

आणि मग तो भुरा आला.

"तो मांगचा कोणता हाये गा?" कुणीतरी ओरडलं. "त्याचं तं कोणी सांगतच नाही!"

महादेवराव पाणी प्यायला उठले. पण यमुताईंनी त्यांचं धोतर धरून खाली बसवलं.

बळीरामने त्या कुत्र्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग त्याला राहवलं नाही. "हा आपला गावरान हाये! आमच्या कन्हानच्या पुलाखाली असे पन्नास हिंडतेत! याले कोणीतरी धरून नेलं अन् जुंपलं!"

थिएटरात जो गोंधळ उडाला तो विचारू नये. "चल बे मोत्या!" "ओढ बे, नागपूरचं नाव राख!" मोत्या धावत होता आणि सातशे माणसं खुर्च्यांवर उभी होती. महादेवरावांनी तावातावाने तिकिटाच्या मागे काहीतरी लिहिलं आणि वर दिलं. बळीरामने बॅटरी लावून वाचलं. 'पुरावा काय?'

बळीराम स्टुलावरून वाकला. "साहेब, तुमीच पाहा. बाकी सगळे समोर पाहून राहिले. हा एकटा मांगं पाहून राहिला, कोणी भाकर टाकते का म्हणून."

महादेवराव पाहत राहिले. खरंच, भुरा सारखा मान वळवत होता. त्यांनी तिकीट परत मागून घेतलं. मग लिहिलं, 'शक्य आहे.'

यमुताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांना असं हसताना महादेवरावांनी किती वर्षांत पाहिलं नव्हतं कुणास ठाऊक. ते पडद्याकडे पाहायचं सोडून त्यांच्याकडेच पाहत बसले.

शो सुटल्यावर वितरकाचा माणूस ओमप्रकाश ऑफिसात आला. रिळांचे डबे अमरावतीला जायचे होते. तो म्हणाला, "हे दोघं सोबत आले तरच तिकडे पिक्चर चालेल."

महादेवराव लगेच पुस्तक आणायला घरी निघाले. यमुताई म्हणाल्या, "एकट्याने कुठे जाता? तिथे आइस्क्रीम कोण बंद करणार? मीही येते."

तिसऱ्या दिवशी अमरावतीत महादेवरावांचा घसा मोकळा झाला. मग दोघांनी कुत्रे वाटून घेतले. थोरामोठ्या जातींचे डॉक्टरसाहेबांकडे, मोत्या बळीरामकडे. यमुताई रोज पहिल्या रांगेत बसत आणि मुक्कामावर आल्यावर नवऱ्याला सांगत, आज सॅमोयेडच्या वेळी तुम्ही जरा घाई केलीत.

इकडे श्रीनिकेतनमध्ये ताराचंदशेठनी पौराणिक सिनेमा लावला होता आणि खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांनी अमरावतीला तार केली. 'ह्यात हत्ती आहेत. डॉक्टरांना घेऊन ताबडतोब या.'

उलट तार महादेवरावांनी स्वतः जाऊन केली. 'हत्ती माझा विषय नाही. घोडे असल्यास कळवावे.'