किटलीचा वचपा

मी एक जुनी पितळी किटली आहे. मित्रांनो, जुनी भांडी मनानं मोठी असतात, सगळं पोटात घालतात, असं तुम्ही ऐकलं असेल. माझं तसं नाही. मला राग येतो, आणि आलेला राग मी जपून ठेवते. माझ्या आयुष्याची गोष्ट सांगायची तर ती त्या रागाचीच गोष्ट आहे.

माझा जन्म अकोल्याचा. जुन्या शहरातल्या एका कासारानं पितळेचा पत्रा ठोकून ठोकून माझं पोट गोल केलं, पुढे बाकदार चोच जोडली, वर कडी बसवली. मग तापवून आतून कल्हई केली. कल्हई म्हणजे कथिलाचा पांढराशुभ्र पातळ थर. तो नसेल तर पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो आणि पोटाला बाधतो. आतून चांदीसारखी आणि बाहेरून सोन्यासारखी अशी मी दुकानात टांगलेली असताना श्रावणनं मला पाहिलं.

श्रावण अमरावतीला एसटीच्या आगारात मेकॅनिक होता. त्यानं बसमध्ये मला सगळा रस्ताभर मांडीवर धरून आणलं. त्याची बायको चतुराबाई दारातच उभी होती.

"एवढी मोठी किटली काहून आनली?" ती म्हणाली. "घरात मानसं दोन."

"लोकं येतील ना चहाले," श्रावण म्हणाला. "बिना लोकाइचं घर असते काय?"

आणि लोक खरंच आले. आगारातले सोबती आले, शेजारपाजारचे आले, धम्म परिषदेला निघालेले पाहुणे आले. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली सतरंजी अंथरलेली असायची आणि चतुराबाई जाड फडक्यानं माझी कडी धरून एकेक कप भरत जायची. "वैनी, चहा असावा तर असा," म्हणत लोक दुसरा कप मागायचे. चतुराबाई लाजून पदर सारखा करायची. दर उन्हाळ्यात मला कल्हई व्हायची. मित्रांनो, त्या वर्षांत मला कशाचीच उणीव नव्हती.

मग शेजारच्या घरात खुशालराव आणि जमुनाबाई राहायला आले. दर्यापूरकडे त्यांची काळी कसदार शेती होती, पण मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी अमरावतीत घर बांधलं. खुशालराव बहुतेक शेतावरच असायचे. जमुनाबाई बोलकी होती, कामाला तत्पर होती. कधी कढीपत्ता मागायला, कधी वडीचं पीठ द्यायला, दिवसाकाठी एकदा तरी ती आमच्याकडे यायची. चतुराबाई लगेच मला चुलीवर चढवायची.

जमुनाबाई कप हातात घ्यायची आणि म्हणायची, "लय गरम आहे बाई. ओट्यावर वाऱ्यात घेतो." दारापुढच्या ओट्यावर मोगऱ्याची कुंडी होती. थोड्या वेळानं ती रिकामा कप घेऊन आत यायची. "मस्त झाला होता!"

माझी जागा खिडकीत होती. खिडकीतून ओटा दिसायचा. जमुनाबाई इकडेतिकडे बघायची, कप तिरपा करायची आणि माझा चहा कुंडीत ओतायची. एक घोटही घ्यायची नाही. आलं ठेचून, दूध आटवून, चतुराबाईनं जीव ओतून केलेला चहा मातीत जायचा. मी सगळं बघत होते. मला हात नव्हते आणि तोंड असून बोलता येत नव्हतं.

श्रावण एका सकाळी कामावर जायला निघाला आणि उंबऱ्यातच कोसळला. तो परत उठला नाही. त्या दिवशी जमुनाबाई धावत आली. चतुराबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली, तिच्याबरोबर खरंखुरं रडली. आलेल्या बायांसाठी कोणीतरी चहा केला. जमुनाबाई आपला कप घेऊन बाहेर गेली आणि डोळे पुसत पुसत तो कुंडीत ओतून आली. मित्रांनो, माझा राग त्या दिवशी पक्का झाला. माणूस रडतं खरं आणि तरीही असं करतं, हे मला आजही समजलेलं नाही.

पुढे काही दिवसांनी चतुराबाईच्या लक्षात आलं. मोगरा सुकत चालला होता. तिनं वाकून पाहिलं तर मातीवर दुधाची साय वाळून बसली होती, आणि साखरेला मुंग्यांची रांग लागली होती. श्रावण गेला त्या दिवशीही जमुनाबाई कप घेऊन इथेच आली होती, हे तिला आठवलं, आणि ती तशीच उकिडवी बसून राहिली. तेवढ्यात भिंतीपलीकडून जमुनाबाईचा आवाज आला. ती आपल्या पाहुणीला सांगत होती, "बसनं-उठनं आहे आमचं. स्वभावानं चांगली आहे बाई. पन त्याइच्या घरचं खात-पेत नाही आमी."

चतुराबाई आत आली. रडली नाही. तिनं मला चिंचेनं घासलं, पुसून कोरडं केलं, श्रावणच्या जुन्या खाकी सदऱ्यात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. त्यानंतर जमुनाबाई आली की ती नीट बोलायची, पण चहा विचारायची नाही. जमुनाबाईला बहुधा सुटल्यासारखंच वाटलं असेल.

माळ्यावर माझी वर्षं अंधारात गेली. शेजारी बिघडलेला मिक्सर आणि फुटकी बादली. उंदीर माझ्या चोचीतून वाकून बघायचे. माझी कल्हई जागोजागी उडाली, पोट काळं पडलं. पण खाली जमुनाबाईचा आवाज आला की मी जागी व्हायचे. वाटायचं, इथून घरंगळावं आणि नेमकं तिच्या पायावर पडावं. वाटायचं, एकदा तरी तिचे ओठ पोळावेत. मित्रांनो, चांगल्या गोष्टींतली भांडी असले विचार करत नाहीत. मी करत होते.

चतुराबाईचा मुलगा सुगत याचं लग्न झालं आणि माधवी सून म्हणून घरात आली. ती धामणगाव रेल्वे या गावची. प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि सुटीच्या दिवशी स्वयंपाकघरात प्रयोग करायची. एका हिवाळ्यात अमरावतीत कडाक्याची थंडी पडली. माधवीला ग्रीन टी करायचा होता आणि तो स्टीलच्या पातेल्यात सारखा कडू होत होता.

"आई, पाणी उकळून झाकून ठेवता येईल असं काही आहे काय?" तिनं विचारलं.

चतुराबाईनं वर माळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "माळ्यावर आहे एक."

माधवीनं मला खाली काढलं, आत बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. पण टाकून दिलं नाही. चांदूर रेल्वे गावच्या बाजारात एक कल्हईवाला बसतो असं कळल्यावर ती मला घेऊन तिकडे गेली. नवसागराचा धूर नाकात गेला, कथिल वितळून माझ्या पोटात फिरलं, आणि मी पुन्हा आतून पांढरी झाले. त्या घटकेला मला वाटलं, आता आपले दिवस आले.

माधवीचं पेय फार गमतीचं होतं. ती माझ्यात पाणी घालायची, त्यात गवती चहाची गाठ मारलेली पात, ठेचलेलं आलं आणि संत्र्याच्या सालीचा तुकडा टाकायची. पाणी आधी उकळायचं, मग खाली उतरवून त्याची खळखळ शांत होऊ द्यायची, आणि मगच हिरव्या चहाची पानं घालून झाकण ठेवायचं. पानं उकळली की चहा कडू झालाच. जरा वेळानं गाळायचं. संत्र्याचा रस माझ्यात कधीच नाही, तो थेट कपात. कपाची कड ओली करून किसलेला गूळ आणि सुंठ यांत बुडवायची. वर काडीला टोचलेलं पिकलं बोर. संत्र्याच्या सालीची ती चांदणी कापायची, कधी पोपट कापायची, आणि तो पोपट कपात पोहत राहायचा. तिनं त्याचं नाव ठेवलं 'गारठा'. रविवारी सकाळी कोवळ्या उन्हात ओट्यावर कॉलनीतली माणसं जमू लागली. "काकू, एक गारठा द्या!" पोरं ओरडायची. "मले पोपटवाला!" भरून द्यायला माझी कडी धरलेली असायची ती चतुराबाईनंच. किती वर्षांनी ती पुन्हा लाजली.

तेव्हा खुशालराव शेत मुलाच्या हवाली करून कायमचे घरी आले होते. डॉक्टरांनी त्यांचा दुधाचा, साखरेचा चहा बंद केला होता. एका रविवारी ते सरळ येऊन ओट्यावर बसले. "चतुराबाई, मलेबी द्या. बिनगुळाचा."

चतुराबाईनं कप दिला आणि टक लावून बघत राहिली. खुशालरावांनी फुंकर घातली, चहा संपवला, डोळे मिटले, आणि रिकामा कप पुढे केला. बिचाऱ्या माणसाला त्या कुंडीचं काहीच ठाऊक नव्हतं. पुढे ते रोजच येऊ लागले. चतुराबाई त्यांना इतर कोणाहून जास्त प्रेमानं पाजायची, आणि पाजताना भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारायची, "अजून देऊ काय, भाऊ?" तिचा हेतू मला ठाऊक होता. मीही चोचीतून मोठी धार सोडायचे.

भिंतीपलीकडे जमुनाबाईनं ग्रीन टी आणला, खळाखळा उकळला आणि नवऱ्यापुढे ठेवला. एकदा भर ओट्यावर खुशालराव म्हणाले, "आमच्या घरी तं कडूनिंबाचं पानी भेटते. इथं चहा भेटते." सगळे हसले. पलीकडे एक भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला.

पुढच्या रविवारी जमुनाबाई आली. ओटा भरलेला होता. ती नवऱ्याशेजारी सतरंजीवर बसली आणि हसून म्हणाली, "मलेबी द्या बाई. पाहू तं खरं, एवढं काय आहे त्याच्यात."

चतुराबाईनं सगळ्यात चांगला कप घेतला. गुळाची कड नीट लावली. मी तो भरून दिला. तिनं बोर टोचलं, चांदणी सोडली, आणि कप घेऊन जमुनाबाईपर्यंत आली. जमुनाबाईनं हात पुढे केला. चतुराबाई तिच्या हाताजवळून पुढे गेली, कुंडीपाशी थांबली आणि सगळ्यांच्या देखत तो कप सावकाश मातीत ओतला. चांदणी, बोर, सगळं.

"तुमी इथंच पेत होत्या ना, जमुनाबाई," ती म्हणाली. "म्हनून मीच वाढला."

एका पोरानं कुंडीत वाकून पाहिलं.

"हे काय आहे?" खुशालरावांनी बायकोकडे बघत विचारलं.

"त्याइलेच विचारा," चतुराबाई म्हणाली. "माह्या घरचा चहा वर्सानुवर्स ह्या कुंडीले पाजला त्याइनं. माहा मानूस गेला त्या दिवशीबी. मी तोंडातून शब्द काढला नाही. आज काढला."

जमुनाबाईचा चेहरा पांढरा पडला. ती उठली आणि पदर तोंडाशी धरून निघून गेली. खुशालरावांनी हातातला कप खाली ठेवला. "मले माहीत नव्हतं, चतुराबाई," एवढंच म्हणून तेही मान खाली घालून गेले.

माधवी हळूच म्हणाली, "आई, जास्त झालं काय?"

"नाही," चतुराबाई म्हणाली. त्या दुपारी तिनं ठेच्याशी पोटभर भाकरी खाल्ली आणि गाढ झोपली. मित्रांनो, मी पश्चात्तापाची वाट पाहत होते, कारण गोष्टीत तो येतो म्हणतात. आला नाही. मला तर सालीचा वासही त्या दिवशी जास्त गोड वाटला.

खुशालराव यायचे बंद झाले. शरमेनं ते गल्लीच्या दुसऱ्या टोकानं जायचे. चतुराबाईला ते लागलं, पण तिनं बोलावणं पाठवलं नाही.

मग एका दुपारी, घरात दुसरं कोणी नसताना, जमुनाबाई दारात उभी राहिली. या वेळी ती हसत नव्हती.

"आत येऊ काय?"

"या."

ती ओट्यावर थांबली नाही. सरळ स्वयंपाकघरात आली. "माह्या सासूनं शिकवलं होतं तसं," ती म्हणाली. "मी शिकलो. कधी विचार नाही केला. आता मले प्याचा आहे तुमच्या हातचा."

"माह्या हातचा काहून?" चतुराबाई म्हणाली. "किटली चुलीवर आहे. घ्या वतून."

चतुराबाईनं फडकं उचलून आपल्या मांडीवर ठेवलं आणि दिलं नाही. जमुनाबाईनं ते पाहिलं. तिनं उघड्या हातानं माझी कडी धरली. मी तापलेली होते आणि मी तसूभरही गार झाले नाही. तिच्या तोंडातून आवाज निघाला, डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं मला सोडलं नाही. कप भरला. चुलीवर राहून कडू झालेला, गुळाशिवायचा तो चहा ती उभ्यानंच प्यायली. तळापर्यंत प्यायली.

चतुराबाई उठली. तिनं जमुनाबाईचा हात धरून नळाखाली नेला आणि त्यावर गार पाणी सोडलं. दोघी तशाच उभ्या होत्या.

"मले माफ केलं काय?" जमुनाबाईनं विचारलं.

"नाही," चतुराबाई म्हणाली. "उद्या या. येताना संत्री आना तुमच्या घरची. आमची सरली."

आता जमुनाबाई रोज येते. खुशालरावही येतात, आधी दोन दिवस लाजत आले. जमुनाबाईच्या तळहातावर कडीचा वळ उमटला होता, तो हळूहळू फिका झाला. तो दिसला की मला बरं वाटायचं, हे मी लपवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी जुनी पितळी भांडी असतील तर ती माळ्यावर काळी पडू देऊ नका. त्यांना चिंचेनं घासा, वर्षाला कल्हई करा, आंबट पदार्थ त्यांत ठेवू नका. कोणी आपल्या हातानं काही करून तुमच्यापुढे ठेवलं आणि तुम्हाला नको असेल, तर तोंडावर नको म्हणा. ते आम्ही सोसतो. पण खोटं कौतुक करून पाठ फिरवू नका. आम्ही बोलत नाही, म्हणून आम्ही विसरतो असं समजू नका.