मुठीतली डबी

"आता सांगतो त्यावर तुमच्यापैकी कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये," असं म्हणत ट्रकवाले काका रसाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेच्या दारातल्या स्टुलावर टेकले. बाहेर त्यांच्या ट्रकमधून संत्री उतरत होती. आत नव्याने लागलेली दोघं चहा पीत होती आणि केमिस्टबाई यंत्रापाशी उभ्या होत्या.

काकांच्या गोष्टीतली नायिका ठरलेली, त्यांची बायको. तिची सगळी नोकरी याच खोलीत झाली. काकांचं ऐकाल तर तिच्या ब्युरेटमधला, म्हणजे आम्ल मोजायच्या काचेच्या नळीतला, शेवटचा थेंब तिला विचारून पडायचा आणि रस गुलाबी व्हायचा तो लाजून. पुढे हे यंत्र आलं. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश रसातून सोडायचा आणि रसाने त्यातला किती गिळला त्यावरून आम्ल किती ते ओळखायचं, हे त्याचं काम. पण आलं तेव्हा त्याची पाटी कोरी होती. बायकोने शेकडो रसांचं आम्ल आधी थेंबाथेंबाने मोजलं, मग तोच रस काचेच्या डबीत भरून त्याला दाखवला. हा एवढा आंबट, हा त्याहून जरा कमी. घरात मूल नव्हतं, शिकवायची सगळी हौस तिने याच्यावर भागवली.

मग ती निवृत्त होऊन घरी बसली आणि यंत्र बिनसलं. ब्युरेट एक सांगे, हे भलतंच. मोठे साहेब भला माणूस, पण तेही मेटाकुटीला आले. म्हणाले, याचं शिकलेलं सगळं उद्या पुसून टाकू आणि नव्याने सुरुवात करू.

"म्हणजे हिची उभी नोकरी पुसणार," काका म्हणाले. "कानावर आलं तशी ही तडक इथे. हिला बघून यंत्राने मान डोलावली, शपथ सांगतो."

केमिस्टबाई गालातल्या गालात हसल्या. मान डोलावणं त्यांनी पोटात घातलं.

काकांनी आवाज खाली आणला. हिने म्हणे थंड खोलीतला रस डबीत भरला, डबी डाव्या मुठीत धरली आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिली. साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय? ही म्हणाली, गार रस याला ओळखता येत नाही. शिकवताना प्रत्येक डबी तिने अशीच मुठीत कोमट करून आत ठेवली होती. हाताची सवय ती, कुणाला सांगावी असं तिला कधी सुचलंच नाही. घरी यायची तेव्हा डावा तळवा बर्फासारखा, आणि काका तो आपल्या दोन्ही हातांत धरून बसायचे. तर डबी आत गेली, आणि आकडा ब्युरेटशी तंतोतंत जुळला. पुसणं राहिलं.

नवी दोघं चहा विसरून यंत्राकडे बघत होती.

"काका," केमिस्टबाई हळूच म्हणाल्या, "मी होते त्या दिवशी. ताई आल्याच नव्हत्या. त्यांना देवाघरी जाऊन तेव्हा महिना झाला होता. त्यांच्या गार हाताचं तुम्ही येऊन सांगितलंत, आणि डबी मुठीत धरून उभे राहिलात तेही तुम्हीच."

काकांनी आपला डावा तळवा उलटसुलट करून पाहिला.

"पण आकडा तिचाच आला की नाही?"