सटवाईची रातपाळी

मनकर्णानं कणकेच्या दिव्याची वात चिमटीत धरली आणि दाबून विझवली. बोट चांगलंच चटकलं. पण पाचवीचा दिवा तोंडानं कोण फुंकणार?

“मावशी, रातभर ठिवायचा असतोय तो,” राजेश्री भिंतीला टेकून म्हणाली.

“घरात ठिवायचा असतोय, माय. इथं नगं.”

परभणीतल्या बेघर कुटुंबांच्या निवारा केंद्रात मनकर्णा रातपाळीला होती. दिवेलागणीला यायचं, सगळ्यांना जेवू घालायचं, पुरुषांना डावीकडच्या खोलीत आणि बायका-लेकरांना उजवीकडच्या खोलीत झोपवायचं, फाटकाला कुलूप घालायचं आणि उजाडेपर्यंत खुर्चीत बसून राहायचं. दोनच नियम कडक. बायकांच्या खोलीला रात्रभर बाई पाहिजे, तिनं केंद्र सोडून हलायचं नाही. आणि खोल्यांत जाळ नको. मागच्या थंडीत कुणी तरी उदबत्ती लावून झोपलं नि गाद्या पेटल्या, तेव्हापासून काडीपेटीसुद्धा मनकर्णाच्या कमरेच्या पिशवीत, किल्ल्यांशेजारी. वॉचमनची जागा तर कधीची रिकामीच होती.

राजेश्री ओली बाळंतीण होती. तिचा नवरा परमेश्वर एका बांधकामावर राखणीला होता. इमारत पुरी झाली तशी त्यांची पत्र्याची खोली मोडली. परमेश्वर कामाच्या शोधात पुण्याकडं गेला आणि त्याचा फोन लागेना. मायलेकी दवाखान्यातून सुटल्या त्या थेट इथंच आल्या. आज लेकराची पाचवी. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. घरातलं कुणी तरी जागं असावं लागतं, आणि मायलेकरांनी उंबरा ओलांडायचा नसतो. आता सटवाई म्हणून मांडायला पाटा-वरवंटा केंद्रात कुठला असणार? मनकर्णानं मिक्सरचं भांडं पालथं घातलं आणि त्यालाच हळदीकुंकू वाहिलं.

“वळखंल का वो ती याला?” राजेश्रीनं तेव्हा विचारलं होतं.

“न वळखायला काय झालं? तिच्या घरी बी मिक्सरच हाय आता.”

कोपऱ्यातून सुमनबाई खाकरल्या. केंद्रात सगळ्यात जुन्या त्याच. लेकीच्या घरात जावयाला नकोशा झाल्या, तेव्हा आल्या त्या इथंच राहिल्या. मनकर्णाची गोष्ट रंगात आली की मध्येच काडी घालायची, हा त्यांचा रोजचा उद्योग.

“हिचं काय ऐकतीस, पोरी. हिच्या बापाचा बैल म्हनं एकटाच एसटीत बसून मानवतच्या बाजाराला जायचा.”

“जायचाच. कंडक्टर अर्धं तिकीट घ्यायचा. शिंगं खिडकीच्या भायेर काडायची न्हाईत, या बोलीवर.”

“आन् उतरायचा कसा?”

“बेल वाजवून. शेपटीनं.”

अंथरुणावरच्या बायका खिदळल्या. राजेश्री हसली नाही. दिव्याच्या बदल्यात मनकर्णानं लावलेल्या झिरोच्या बल्बकडं ती बघत होती, त्याच्यावर तिचा काही भरवसा दिसत नव्हता. मग तिनं मांडीवरच्या लेकराकडं पाहिलं आणि तिचा चेहरा जरा निवळला.

“लय शहाणी हाय वो माझी पोरगी. दुपारपासून रडलीच न्हाई. दूध बी मागंना.”

मनकर्णा चादरीची घडी घालत होती. तिचा हात थांबला.

“आन बरं तिला इकडं.”

ट्यूबलाइटखाली तिनं फडकं सोडलं. लेकराचं तोंड पिवळं, छाती पिवळी, पोटही पिवळं.

“हळद लागलीय ती,” राजेश्री म्हणाली. “पूजेच्या वख्ताला समद्यांनीच हात लावला न्हवं का.”

लावला होता खरा. मनकर्णानं स्वतःही लावला होता. तिनं पदराचं टोक पाण्यात बुडवलं, पिळलं आणि लेकराचं पोट हलक्या हातानं पुसलं. पदराला थोडी हळद आली. तिनं पुन्हा पुसलं. आता पदर कोरा निघाला, पोट होतं तसंच पिवळं. मग तिनं तळपायाला टिचकी मारली. लेकरानं ओठ वाकडे केले, रडायला तोंड उघडलं आणि आवाज न काढताच मिटून घेतलं.

मनकर्णानं पिशवीतून फोन काढला. एकशेआठला पत्ता सांगताना तिनं आवाज मुद्दाम सावकाश ठेवला, पण मोकळा हात पदराचं ओलं टोक पिळतच राहिला. त्यात पाणी उरलं नव्हतं.

“गाडी यायलीय. काविळीनं लेकरू मलूल झालंय, पोरी. कानाला बांध, अंगावर काई तरी घे.”

राजेश्रीनं लेकराला छातीशी घेतलं आणि ती भिंतीकडं सरकली.

“आज न्हाई.”

“आजच.”

“उजाडल्यावर चला, मावशी. उजाडल्यावर कुठं बी चला. आज ती यायची हाय.”

“उजाडेपर्यंत थांबता येत न्हाई गं.”

“माज्या लेकराला घर न्हाई!” राजेश्रीचा आवाज चिरकला. झोपलेली दोन-चार लेकरं चुळबुळली. “आज इथं पूजा मांडली, म्हनून तिला इथला ठिकाना. इथून बी उचललं तर ती कुठं हुडकंल? जागा रिकामी बघंल आन् जाईल निघून. कोऱ्या कपाळाचं लेकरू जगतं का? सांगा ना, जगतं का?”

डॉक्टर काय म्हणतील ते मनकर्णाला सांगता आलं असतं. लेकरू ओढून घेता आलं असतं. पण राजेश्रीची बोटं फडक्यात इतकी रुतली होती की ओढाओढीत इजा लेकरालाच झाली असती. बाहेर रस्त्यावर एक ट्रक गेला. गाडी अजून आली नव्हती. मनकर्णा गुडघे कडकडवत तिच्यासमोर खाली बसली.

“तुला कुनी सांगितलं, ती इथं पयले येती म्हनून?”

राजेश्रीनं मान वर केली.

“पयले फिरायची घरोघर. तवा लेकरं घरात व्हायची. आता समदी लेकरं दवाखान्यात व्हतेत. आन् तिचं वय काय कमी झालं का? गुडघे दुखतेत तिचे. मंग तिनं दवाखान्यातच ड्युटी लावून घेतली. रातपाळी. माझ्यासारखीच.”

“खोटं.”

“लेकरांच्या वॉर्डापासून सुरू करती बघ. एकेका खाटंपशी बसून, चष्मा लावून, सावकाश लिवती. लय झ्याक अक्षर. तिथलं झालं की मंग उरलेल्या घरी निघती. मोठमोठ्या बंगल्यातलं उरकून आपल्या वस्तीला येईपर्यंत पाहट व्हती. तवर शाई संपत आलेली. मंग काय, डोळ्यावर झोप, उबी राहूनच काई बाई खरडती आन् पळती.” मनकर्णानं आपल्या कपाळावर बोट टेकवलं. “हे बघ. पाहटंचं लिवलेलं हाय. तुझं बी तसलंच हाय, पोरी. आता हिचं बी पाहटं लिवू द्यायचं का?”

तेवढ्यात कोपऱ्यात सुमनबाई उठून बसल्या आणि मनकर्णानं वळून पाहिलं. आता ही बैल काढणार.

“खरंय,” सुमनबाई म्हणाल्या. “माझ्या कपाळावर तर नुसती टिंबंच हायेत. शाईच न्हवती बयेकडं.”

त्यांनी काठी शोधली, शाल गुंडाळली आणि चपला पायांनीच चाचपल्या.

“ऊठ, पोरी. मी येते संगं. मला बी इचारायचंय तिला एकदा.”

फाटकाबाहेर गाडीचा दिवा गरगरायला लागला. मनकर्णानं कुलूप काढलं. राजेश्री उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थबकली. एक पाय आत.

“आन् ती चुकून इकडंच आली तर?”

“मी हाय की. मी धाडते तिला तिकडं.”

“झोपचाल तुमी.”

“न्हाई झोपत.”

“शपत घ्या.”

मनकर्णानं लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. डोकं गार लागलं. तिनं हात पटकन काढून घेतला. राजेश्रीनं उंबरा ओलांडला.

गाडी गेली आणि मग काहीच उरलं नाही करायला. राजेश्रीच्या फोनची बॅटरी संध्याकाळीच संपली होती, आणि सुमनबाईंकडं फोन कधी नव्हताच. मनकर्णा खुर्चीत बसली. उठली. एका पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, जे सारखंच होतं. राजेश्रीची गादी गुंडाळायला घेतली आणि पुन्हा पसरून ठेवली. मिक्सरचं भांडं हळदीकुंकू लावून तसंच बसलं होतं, झिरोच्या उजेडात पाहुण्यासारखं.

तिनं आयुष्यभर थापा मारल्या होत्या. बैलाच्या, भुताच्या, गोदावरीच्या पुरात परातीत बसून सोनपेठला पोचलेल्या आत्याच्या. एकीनंही तिला कधी त्रास दिला नव्हता. आजची मात्र काही केल्या खाली बसेना. समजा ती आलीच. पूजा इथं मांडली, ठिकाणा इथला. येऊन रिकामी गादी बघितली तर? मनकर्णानं स्वतःला एक शिवी हासडली आणि तरीही पुन्हा गादीकडं पाहिलं.

विझवलेला कणकेचा दिवा तिनं उचलला. नियम खोल्यांचा होता, फाटकाचा नव्हता. तिनं दिव्यात तेल घातलं, बाहेर फाटकाच्या खांबावर ठेवला, वात पेटवली आणि गजांच्या आत उभी राहिली. तिथून बायकांच्या खोलीचं दार दिसत होतं. वारं आलं की ती दोन्ही हातांचा आडोसा करायची. कुत्री भुंकायची आणि गप व्हायची. प्रत्येक गाडीच्या आवाजाला ती मान वर करायची. दवाखान्याकडून येणारी गाडी कशाला आली असेल, हे मनात येण्याआधीच ती खाली दिव्याकडं बघायची.

रस्त्याच्या त्या टोकाकडून एक बाई चालत आली. हातात कापडी पिशवी, डोक्यावरून पदर. ती सरळ फाटकापाशी येऊन थांबली.

“दिवा दिसला म्हनून आले,” ती म्हणाली. “दवाखाना कुनीकडं हाय वो?”

एरवी मनकर्णानं नाव, गाव, पाव्हणेरावळे सगळं विचारून घेतलं असतं. तिनं बाईच्या पायांकडं पाहिलं. पाय सरळ होते. रबरी चप्पल, एका पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली.

“सरळ जा,” ती कशीबशी बोलली. “मोठा चौक लागंल. तिथून उजवीकडं.”

“बरं.”

“लेकरांच्या वॉर्डात जायलाव का?”

“व्हय.”

“मंग पयले राजेश्रीच्या पोरीकडं जा. पाचवी हाय तिची आज. इथंच व्हती, मीच तिकडं धाडली.”

का, कोण राजेश्री, तुमची कोण लागते, असं काही बाईनं विचारलं नाही. तिनं मनकर्णाकडं जरा वेळ पाहिलं.

“जाते,” ती म्हणाली आणि पिशवी या हातातून त्या हातात घेत चौकाकडं चालायला लागली. ती वळेपर्यंत रबरी चप्पल फट फट वाजत राहिली.

झुंजूमुंजू झालं तरी मनकर्णा गजांना धरून तशीच उभी होती. फोन वाजला तेव्हा नंबर अनोळखी होता. तिनं तो कानाला लावला.

पलीकडून आधी रडणं आलं. बारीक, चिडकं, दम लागेपर्यंतचं रडणं. लेकराचं.

मनकर्णा फाटकापाशीच फतकल मारून बसली.

“मावशी, ऐकायलाव का?” राजेश्री बोलत होती. “नर्सबाईचा फोन हाय. निळ्या दिव्याखाली ठिवलंय तिला. आता दूध वढायलीय. डॉक्टर म्हनले, आनलं ते बरं केलं.” मग ती जरा घुटमळली. “पर मावशी, माजा मधीच डोळा लागला वो. ती यिऊन गेली का न्हाई, कळंना.”

“गेली.”

“आँ?”

“इथंच आली व्हती आधी. मीच रस्ता सांगितला. रबरी चप्पल व्हती पायात. एका पट्ट्याला पिन लावलेली.”

पलीकडं राजेश्री हसली. केंद्रात आल्यापासून पहिल्यांदाच.

“मावशी, लय फेकता वो तुमी!”

मागून सुमनबाईंचा आवाज आला, “बैलाचं इचार तिला, बैलाचं!”

मनकर्णानं तोंड उघडलं. पिशवीचं सांगावं, चालण्याचं सांगावं. मग मिटलं.

“शेपटीनं बेल वाजवायचा म्हनाव,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आत लेकरं उठायला लागली होती. चहा टाकायची वेळ झाली. खांबावरचा दिवा कडेनं करपला होता, पण वात अजून जळत होती. तिनं चिमूट पुढं केली आणि तशीच मागं घेतली.