कबिल्याचा कौल

बाळकाका आपल्याला शब्दांचे खोटे अर्थ सांगताहेत, हा संशय कांचनला पहिल्यांदा आला तो तिच्या गाईडबाईंच्या एका साध्या प्रश्नानं.

१९८६ साल. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजला ती एका मराठी ऐतिहासिक कादंबरीचं इंग्रजी भाषांतर थिसिससाठी करत होती. मुंबईत ती इंग्रजी शाळेत शिकली होती. घरात मराठी भरपूर, पण हशम, सबनीस, तटसरनोबत हे गडावरचे जुने शब्द जेवणाच्या टेबलावर कोण बोलणार? गावातले जुने सर्जन, डॉक्टर बाळ वाघजाळे, आपणहून मदतीला आले. शनिवारी दुपारी ती त्यांच्या घरी जायची, अडलेले शब्द विचारायची आणि वसुधाकाकूंच्या हातचं जेवून परत यायची. काका पक्के कोल्हापूरकडचे. "हशम म्हणजे गडावरचं पायदळ, बरं का," असं सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा.

गाईडबाईंना मराठी येत नव्हतं. अकराव्या प्रकरणाची टाइप केलेली पानं वाचून त्या म्हणाल्या, "कांचन, वेढा पडलाय. गडाचा हवालदार देवाचा कौल घेतो, पहाटे दिंडी काढतो. आणि पुढच्याच पानावर किल्ल्यावर शत्रूचं निशाण! त्यांना आत घेतलं कुणी?"

मूळ वाक्य कांचनला पाठ होतं: 'रायाजी हवालदाराने कबिल्याचा कौल घेतला आणि पहाटे दिंडी उघडली.' काकांनी सांगितलं होतं, कौल म्हणजे देवाचा कौल, दिंडी म्हणजे भजनाची दिंडी, आणि 'उघडली' म्हणजे जुन्या भाषेत 'सुरू केली'. तिनं तसंच लिहिलं होतं.

त्याच संध्याकाळी तिनं लायब्ररीतला जुना मराठी-इंग्रजी कोश उघडला. कौल: अभयवचन, शत्रूशी ठरलेल्या अटी. दिंडी: मोठ्या दरवाज्यात असलेलं लहान दार.

म्हणजे रायाजीनं शत्रूशी बोलणी केली आणि त्यांना आत घेतलं. काकांनी फितुराला भक्त करून टाकलं होतं. चूक असेल का? हशम आणि सबनीस ठाऊक असलेल्या माणसाला दिंडी दरवाजा ठाऊक नसेल?

ती पुढची प्रकरणं चाळत गेली. आतापर्यंत नुसता 'रायाजी हवालदार' असलेल्या माणसाचं आडनाव कादंबरीत एकदाच आलं होतं, त्याला शिक्षा सुनावताना. रायाजी वाघजाळा.

कांचननं पुस्तक मिटलं. आता तिला एकेक गोष्ट आठवायला लागली. अकरावं प्रकरण काकांनी आपणहून मागितलं होतं. त्या दिवशी काकूंना त्यांनी दुकानात पाठवलं होतं.

शनिवारी ती गेली तेव्हा तिनं परीक्षाच घ्यायचं ठरवलं होतं. अर्थ माहीत असलेला, फितुरीसाठीचा जुना शब्द तिनं अगदी भोळेपणानं विचारला.

"काका, फितवा म्हणजे काय हो?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "फितवा... म्हणजे मसलत. ॲडव्हाइस समज."

स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, "अहो, फितवा म्हणजे तर..."

"वसुधा, चहाचं बघ."

काकू आत गेल्या. कांचननं कोशातले अर्थ एकामागून एक सांगितले, आणि शेवटी म्हणाली, "तुम्हाला हे सगळं माहीत होतं, काका."

"होतं," काका म्हणाले. मग म्हणाले, "आमच्या गावात आम्हाला काय म्हणतात ठाऊक आहे? दिंडीवाले. शाळेत मास्तर हजेरी घेताना म्हणायचे, 'आला का दिंडीवाला?' जत्रेत वाघजाळ्यांचा नारळ आजही शेवटी फुटतो. पाढे यायच्या आधी मला दिंडी म्हणजे काय ते कळलं होतं. इथं आलो आणि सुटलो. इथं आमचं आडनाव कुणाला धड उच्चारता येत नाही. माझ्या मुलाला, अमितला, मराठी वाचता येत नाही. पण तू ते इंग्लिशमध्ये आणलंस की..."

"म्हणून माझा थिसिस खोटा करायचा?"

"चुकलं माझं. बाकीचे सगळे शब्द खरे आहेत."

"कशावरून?"

कांचन चहा न घेता निघाली.

त्यानंतर तिनं काकांनी सांगितलेला प्रत्येक शब्द कोशात ताडून पाहिला. जवळजवळ सगळे बरोबर निघाले, तरी मन शांत होईना. मग जे शब्द तिनं कुणालाच विचारले नव्हते, तेही पाहायला घेतले. त्यात 'कबिला' आला. हिंदी सिनेमावरून तिनं तो 'टोळी' असा लिहिला होता. कोशात होतं: कुटुंब, बायको.

कुणाचं कुटुंब? नुसतं रायाजीचं? तिनं पुढचं पान पुन्हा वाचलं. 'उजाडता हशमांच्या डोल्या गड उतरल्या.' या वाक्यावर तिला आधी कुणाची लग्नं लागली असतील असा प्रश्न पडला होता, आणि तिनं तो तसाच सोडून दिला होता. डोल्यांत नवऱ्या नव्हत्या. उपाशी गडावरची बायकामुलं होती. त्यांना सुखरूप जाऊ द्यावं, म्हणून रायाजीनं कौल घेतला होता.

शनिवारी ती पुन्हा गेली. काकांना वाटलं नव्हतं ती येईल.

"कबिला तुम्हाला माहीत होता?"

"होता."

"मग तो का नाही सांगितलात? तो तर तुमच्या बाजूचा होता."

"त्यावर माझा विश्वास बसला नाही," काका म्हणाले. "वाटलं, लेखकाला दया आली असेल, म्हणून घातलं. आयुष्यभर फितूर ऐकलेल्या माणसाला आपल्या बाजूचं वाक्यच खोटं वाटतं गं."

हे तरी खरं की नाही, कांचनला कळेना. काकांकडे बघताना आता तिच्या नजरेत थोडं अंतर राहणारच होतं, आणि ते काकांनाही दिसत होतं.

"फितवा मी तसाच ठेवणार," ती म्हणाली. "शिक्षासुद्धा. आडनावासकट."

"ठेव. कबिलाही ठेव."

त्यांचा मुलगा अमित बास्केटबॉल खेळून आला होता. टेबलावरची, कांचननं दुरुस्त करून आणलेली टाइप केलेली पानं त्यानं सहज उचलली, आणि चाळता चाळता तो थांबला.

"डॅड, दॅट्स अवर नेम."

काकू हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांनी कांचनकडे पाहिलं नाही.

"हो," ते म्हणाले. "आपलंच."

"सो ही लेट देम इन?"

"त्यानंच दार उघडलं."

"अँड द किड्स? दे गॉट आउट?"

काका कांचनकडे वळले. या वेळी अर्थ सांगायची पाळी तिची होती.

"डोल्या गड उतरल्या एवढंच लिहिलंय," ती म्हणाली. "सगळे खाली पोचले का, ते लिहिलेलं नाही."

अमितनं खुर्ची ओढली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.