वेणी आणि डेल्टा

आमच्या गावात बोग्नाची वेणी बघितली की तिचा गणिताचा निकाल कळायचा. बारावीच्या परीक्षेला शंभर दिवस उरले की शाळेत मोठा नाच असतो आणि त्या रात्रीपासून पास होईपर्यंत पोरी केसांना कात्री लावत नाहीत. लावली तर शिकलेलं सगळं केसांबरोबर गळून पडतं म्हणे! बाकीच्या पोरी पास झाल्या, केस कापून मोकळ्या झाल्या. बोग्ना गणितात दोनदा गचकली आणि वेणी कमरेखाली गेली. त्यात थट्टा बघा, तिची आई इवोना गावात केस कापायचं दुकान चालवते. चारी बाजूंना कात्र्या, आणि मध्ये ही पोरगी दिवसभर दुसऱ्यांची डोकी धुणार.

खाली दुकान, वर घर. जिना उतरली की कामावर, चढली की घरी. यातून सुटायचा एकच रस्ता होता: पोझनान शहरातलं कॉलेज. दोन वर्षांपूर्वी दुकानात एक म्हातारी खुर्चीवरून कोसळली. रुग्णवाहिकेतून एक बाई आली, कापलेल्या केसांतच गुडघे टेकून बसली आणि म्हातारीला मरणाच्या दारातून परत आणलं. बोग्नाने तेव्हाच ठरवलं, आपल्याला हेच करायचंय. पण पोझनानला त्या शिक्षणाला प्रवेश हवा तर गणितात तीस टक्के हवेत. तीस फक्त! पण तेवढ्यासाठीच पोरगी अडकून पडली होती.

आणि गिऱ्हाइकं? ती कसली गप्प बसतात! निवृत्त गणित शिक्षिका सेवेरीनाबाई ड्रायरखाली बसून ओरडायच्या, कारण ड्रायर चालू असला की त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू यायचा नाही.

"बोग्ने, डेल्टा?"

"बी वर्ग वजा चार एसी!"

"उणे आला तर?"

"उत्तर नाही!"

"साइन वर्ग अधिक कॉस वर्ग?" पोस्टातल्या द्रोमिराकाकू विचारायच्या. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मागे राहायचं नाही.

"एक, काकू."

"बघ! आणि मी काल नवऱ्याला दोन सांगितलं. तोही मान हलवत बसला, मेला!"

सगळ्या जणी विचारायच्या. विचारायची नाही ती एकटी इवोना. सूत्रं सुरू झाली की ती रेडिओ मोठा करायची.

गंमत म्हणजे सूत्रं पाठ करायची गरजच नसते. परीक्षेत प्रत्येकाच्या बाकावर सूत्रांची छापील पुस्तिका ठेवतात. तिच्यात सगळं असतं. कुठलं सूत्र कुठे लावायचं, तेवढं मात्र नसतं. बोग्नाचं घोडं तिथेच अडायचं.

मे उजाडला, चेस्टनटची झाडं फुलली आणि तिसऱ्यांदा परीक्षा आली. आदल्या संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर बोग्ना आरशासमोर बसली.

"आई, काप ना गं. खाली वाकले की वेणी कागदावर येते. डोकं जड होतं नुसतं."

"डोकं फिरलंय का तुझं? आज? म्हणजे नापास झालीस की खापर माझ्यावर फोडायला मोकळी!"

"तू खरंच मानतेस हे?"

"अख्खं गाव मानतं." इवोनाच्या दोन्ही मनगटांना पट्ट्या होत्या. एवढी वर्षं कात्री चालवून सांधे गेले होते. तरी तिने वेणी अशी करकचून घातली की बोग्नाच्या डोळ्यांत पाणी आलं.

सकाळी दुकानासमोर बायका जमल्या. आमच्याकडे परीक्षेला जाणाऱ्याला मागून हलकीशी लाथ मारतात, शुभ असतं. द्रोमिराकाकूंनी जरा जोरातच मारली.

"आभार मानू नकोस हं! नाहीतर वाया जाईल!"

बोग्नाने ओठ घट्ट मिटून घेतले.

पहिली गणितं बरी गेली. डेल्टा काढला, उत्तरं आली. मग एक बाग आली. ठरावीक लांबीचं कुंपण, एका बाजूला भिंत, जास्तीत जास्त मोठी बाग कशी आखाल? तिने पुस्तिका उलटी केली, सुलटी केली. बाग कुठेच नव्हती. डोक्यात सगळं दुकान एकदम बोलायला लागलं, डेल्टा, साइन, कॉस, आणि वर ड्रायरची घरघर. वेणीच्या ओझ्याने मान अवघडली. बाहेर झाडं फुललेली आणि ही त्या मेल्या कुंपणाच्या आत. वेळ संपली तेव्हा त्या पानावर नुसती एक चौकट काढलेली होती.

घरी येताना वाटेत एकदम लक्षात आलं. अगं, हे तर वर्गसमीकरणच होतं! सूत्र पाठ होतं. ती रस्त्यातच उभी राहून रडली. घरी पोचल्यावर आईला एवढंच म्हणाली, एका बागेने बुडवलं.

जुलैत निकाल लागला. दुकानात तेव्हा दोघीच होत्या. बोग्ना आरशासमोरच्या खुर्चीत फोन घेऊन बसली होती आणि इवोना मागे उभी होती.

"अठ्ठावीस," बोग्ना म्हणाली.

तिने आरशात वर पाहिलं आणि आईचा चेहरा तिला दिसला. त्यावर आधी सुटल्याचा भाव आला. दुःख मागून आलं. क्षणभराचाच खेळ, पण बोग्नाने तो पाहिला, आणि तिने पाहिलं हे इवोनाने पाहिलं.

"तुला बरं वाटलं," बोग्ना म्हणाली.

इवोना खुर्चीची पाठ धरून म्हणाली, "हो. वाटलं. लाज वाटते मला, पण वाटलं. तू गेलीस की मी इथे एकटी काय करू? हे हात बघ."

बोग्नाला राग आला, एवढा की फोन भिंतीवर मारावासा वाटला. पण ते सुजलेले हात तिच्या खांद्याशीच होते. तिने वेणी पुढून मागे टाकली.

"काप."

"अगं, पास कुठे झालीस?"

"नाही झाले. म्हणूनच. ऑगस्टात पुन्हा बसतेय, आणि ही घेऊन बसणार नाहीये. झाले तर जाणार आहे, आई. तू काप नाहीतर मी कापते."

इवोनाने बराच वेळ कात्री उचलली नाही. शेवटी उचलली. वेणी जाड होती आणि मनगटात जोर नव्हता; मध्येच थांबावं लागत होतं. रेडिओ बंद होता.

"डेल्टा," इवोना खाली बघत म्हणाली.

बोग्ना चपापली. "बी वर्ग वजा चार एसी."

"उणे आला तर उत्तर नाही, हे मला माहितीये. रोज ऐकतेय. शून्य आला तर?"

"एकच उत्तर येतं."

वेणी फरशीवर पडली. इवोनाने पोरीच्या मोकळ्या मानेवरचे केस फुंकरीने उडवले.

"आता ती बाग सांग मला. पहिल्यापासून. भिंत कुठल्या बाजूला होती?"