मधपेट्यांशेजारची बर्फकुऱ्हाड

मी एक जुनी बर्फकुऱ्हाड आहे. माझी चोच झिजली आहे आणि दांड्यावरचे रबर सोलले आहे. ल्युब्ल्याना शहराबाहेरच्या एका खोपटात, रिकाम्या मधपेट्यांच्या वर, मी खिळ्याला टांगलेली असते. माझी विचारपूस करायला कोणी येत नाही, म्हणून मित्रांनो, तुम्हीच ऐका.

डोंगरातल्या एका लोहाराने मला घडवले. विंको नावाच्या गिर्यारोहकाने मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला विकत घेतले. गोठलेल्या धबधब्यात चोच रोवायची आणि विंकोला वर न्यायचे, हे आमचे काम. तेव्हाचा माझा तोरा काय सांगू! पण विंकोची धाकटी बहीण नेझा चढाई शिकायला निघाली, तेव्हा शहराजवळ नवख्यांसाठी जागाच नव्हती. ती थेट धबधब्यावर गेली. बर्फ फुटला. नेझा परत आली नाही, आणि तिच्या हातातली माझी जुळी बहीणही.

मग विंकोने एकच ध्यास घेतला. नवख्यांनी बर्फावर जाण्याआधी कुऱ्हाडीनेच कोरड्या खडकावर शिकावे, आणि तो खडक शहराजवळ, बुटका असावा. आम्ही खूप हिंडलो. एका कड्यावरून नुसत्या हातांनी चढणाऱ्यांनी आम्हाला हाकलले. चोचीचे ओरखडे खडकावर कायमचे राहतात, त्यामुळे त्यांचा राग खराच होता. शेवटी टोन्चका नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या मळ्यामागे एक बंद दगडखाण सापडली. सुरुंगासाठी पाडलेली जुनी भोके भिंतीत तशीच होती. माझी चोच त्यांत नेमकी बसे.

अडचण एकच. टोन्चकाच्या मधपेट्यांचे खोपट त्याच भिंतीला टेकून होते.

“थंडीत माश्या एकमेकींना बिलगून बसतात,” ती म्हणाली. “धक्क्यानं उठल्या की मेल्याच म्हणून समज. एक ठोका ऐकू आला ना, तर कुऱ्हाडीसकट तुला बाहेर फेकीन!”

“ठोकायचं नाहीच, मावशी. नुसतं टेकवायचं. शब्द देतो.”

खडकावरची खरी रीतही तीच आहे. चोच अलगद ठेवायची आणि तिच्यावर हळूहळू भार द्यायचा. नवखे मात्र जोरात हाणायला जातात. मग विंको दबक्या आवाजात दटावी, “अरे, लाकडं फोडायला आलायस का? आत बायका झोपल्यात!” सगळे तोंड दाबून हसत. संध्याकाळी टोन्चका सर्वांना मध घातलेला चहा देई. ते माझे सुखाचे दिवस होते. कितीतरी मुले मला हातात धरून शिकली आणि धडधाकट घरी गेली.

पुढे विंको आजारी पडला. मला या खिळ्याला टांगून तो इस्पितळात गेला. त्याच हिवाळ्यात टोन्चका दुखऱ्या गुडघ्यामुळे लेकीकडे राहिली. शहरातून अनोळखी मंडळी आली. नवख्यांना सोपी जागा, एवढेच त्यांच्या कानावर आले होते. ते दिवसभर ठोकत राहिले. धक्के भिंतीतून माझ्यापर्यंत येत. पेट्यांतली गुणगुण आधी वाढली, मग विरत गेली. मी पडले लोखंडाची, ओरडणार कशी?

वसंतात टोन्चकाने पेट्या उघडल्या, तर तळाशी मेलेल्या माश्यांचा थर होता. तिने खाणीकडे जाणाऱ्या फाटकाला कुलूप घातले.

विंको काठी टेकत आला. “मावशी, मी शब्द दिला होता.”

“तू होतास तोवर पाळलास ना? बस. चहा घे.”

त्या चहात मध नव्हता.

चेरी फुलल्या तेव्हा विंको गेला. इकडे घरधनी वारला की मधपेटीवर हलकेच टकटक करून माश्यांना सांगतात. टोन्चका दफनभूमीवरून काळ्या कपड्यांतच खोपटात आली. तिने मला खिळ्यावरून काढले आणि माझ्या चोचीने एकेका पेटीवर अलगद टकटक केले.

“बायांनो, आपला विंको गेला गं,” ती म्हणाली. आत ऐकायला कोणीच नव्हते. मला फार रडू आले, पण लोखंडाला आसवे नसतात.

मित्रांनो, नवी जागा शोधाल, तेव्हा तिथली रीतही विचारून घ्या. शेजारी कोण झोपले आहे ते पाहा. फाटक अजून बंदच आहे. या हिवाळ्यात खांद्यावर कोरी कुऱ्हाड घेतलेली एक मुलगी तिथवर आली होती. तिने कुलूप हलवून पाहिले आणि धबधब्याची वाट धरली. नेझाएवढीच होती. तुम्हाला ती कुठे भेटली, तर तिला थांबवा.