बुडिणीला किती दम असावा

रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला चौथ्या मजल्यावर ताईच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाचं तळं होत असे. आधी ताई टेबल पुसायची, मग त्यावर निळी चादर अंथरायची आणि खिडकीचा पडदा अर्धा ओढायची. उरलेला उन्हाचा पट्टा चादरीवर हलत राहायचा. पाच-दहा मिनिटं गेली की खुर्च्यांचे पाय ओले झाल्यासारखे वाटायचे आणि दातांचे डॉक्टर नकळत विजार घोट्यापाशी वर ओढून घ्यायचे. त्यांना कोणी हसत नसे, कारण तोवर बाकीच्यांनीही पाय वर घेतलेले असायचे.

खेळ सांगायला सोपा. ताई गोष्ट सांगायची आणि बाकीचे तिघं त्या गोष्टीत राहायचे. शेजारच्या डॉक्टरांचा जन्म लोकांचे दात वाचवण्यात गेलेला, तेव्हा खेळात गदा घेऊन दात पाडणारा पैलवान व्हायचं त्यांनी हौसेनं पत्करलं होतं. ताईची भावजय शाळेत शिकवायची, तिला घरीदारी सगळे बाई म्हणत. ती खेळात अट्टल चोर होती. आणि तिचा नवरा, म्हणजे खालच्याच मजल्यावर राहणारा ताईचा धाकटा भाऊ, नावाडी. प्रत्येकाच्या कागदावर त्याचा दम आकड्यात लिहिलेला असे. राक्षसाचा घाव बसला की दम कमी व्हायचा आणि शून्यावर आला की माणूस मेला. घाव बसला की चुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. आकडा मोठा तितका घाव पक्का, आणि वीसच पडले तर दुप्पट.

राक्षस ताई बनवायची आणि त्यांचे फासेही तीच टाकायची, समोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून. राक्षस किती अवघड असावा याचा अंदाज मात्र ती नोकरीतून उचलून आणायची. ती लिफ्ट तपासायची. पाटीवर आठ माणसं लिहिलेली असली तरी दोर बारापट ओझं पेलणारा लागतो, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यामुळे तिघांना झेपेल असा राक्षस आधी मांडायची, मग त्याचा दम निम्मा करायची, मग नखं काढून घ्यायची, आणि शेवटी म्हणायची, असू दे, जरा लंगडाही असू दे बिचारा. एवढं करूनही एखादा डोईजड झालाच, तर आडोसा होताच की.

हे सगळं धाकट्यासाठी चाललं होतं. अकरा महिन्यांपूर्वी तो बसच्या डेपोत, ड्रायव्हरच्या सीटवरून उतरता उतरता कोसळला. हृदयाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, तो घरी आला, पण स्टिअरिंग सुटलं ते सुटलंच. तेव्हापासून अख्खं घर त्याच्याभोवती चवड्यांवर चालायला लागलं. टीव्हीवर कोणी शेवटचे श्वास मोजायला लागलं की बाई चटकन चॅनेल बदलायची. मरण हा शब्द तर घरातून असा हद्दपार झाला होता की 'मरू दे तो पंखा' असंही कोणी म्हणेना. रविवारचं तळं तेवढं त्याचं स्वतःचं होतं. तिथे तो राक्षसांना सामोरा जायचा, जिंकायचा, आणि पुढचे चार दिवस डॉक्टरांना जिन्यात गाठून "काय लोळवला ना?" म्हणायचा. ते ऐकलं की ताईला बरं वाटायचं. पाठोपाठ चोरट्यासारखंही वाटायचं, पण ते ती गिळायची.

एका रविवारी तिच्या पाठीमागच्या कपाटाचं काचेचं दार नीट लागलेलं नव्हतं. ते आपसूक, अगदी सावकाश उघडत गेलं आणि उन्हाच्या पट्ट्यात येऊन थांबलं. आडोशामागचं सगळं त्या काचेत उतरलं. टेबलावर तेव्हा लांब मानेचा एक पक्षी नावाड्यावर झेपावत होता. खोलीत पंखांचा वारा सुटलेला. ताईनं फासा टाकला. वीस पडले.

"चुकला," ताई म्हणाली. "पंख शिडात अडकला त्याचा."

पुन्हा टाकला. एकोणीस.

"परत चुकला. आंधळाच दिसतोय बेटा."

धाकटा तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. वारा पडला. तळ्याचं पाणी ओसरलं आणि टेबलावर नुसती चादर उरली.

"ताई," तो म्हणाला, "मी लिंबूटिंबू आहे का गं?"

तो पाच वर्षांचा असताना जिन्यातल्या मोठ्या पोरांच्या खेळात ताईनंच त्याला लिंबूटिंबू म्हणून घुसवलं होतं. म्हणजे पळायचं, ओरडायचं, पण आउट व्हायचं नाही, अंगावर राज्य येणार नाही. त्याला वाटलं, कॅप्टनसारखी ही काहीतरी मोठी पदवी असणार. तो छाती काढून ते सगळ्यांना सांगत सुटला. केस कापणाऱ्यालाही सांगितलं, आणि तो हसत सुटला आणि त्यानं अर्थ सांगितला. त्या दिवशी धाकटा पलंगाखाली जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. खाली वाकून ताई त्याला हाका मारत होती, आणि तो तिच्याकडे असाच बघत होता, आत्ता बघत होता तसा.

"अरे, तसं नाही रे..."

"वीस पडले होते. मी मेलो असतो."

शब्द बाहेर पडला तशी बाई उठून उभी राहिली. ती एरवी ताईला ताईच म्हणायची, चिडली की मात्र नात्यावर यायची. "वन्सं, कपाट तेवढं लावता येत नव्हतं तुम्हाला?"

हे बोलली आणि तिनंच जीभ चावली. धाकट्यानं तिच्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. डॉक्टर आपली बोटं जणू पहिल्यांदाच मोजत होते.

"म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं," धाकटा म्हणाला. "छान. अकरा महिने तुम्ही तिघं खेळत होता आणि मी खेळवला जात होतो." तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात बोलत होता. "पुढच्या रविवारी येतो मी. आडोसा नको. राक्षस खरा हवा. जमत नसेल तर सांग, मी घरीच पडून राहतो. तिथेही मला कोणी आउट करत नाही."

तो आठवडा ताईला फार जड गेला. झोपेत आणि जागेपणी तिच्या डोळ्यांसमोर तळं. त्यात बुडीण राहायची, हिरव्या केसांची, लांब हातांची, नावेतल्या माणसांना अलगद खाली ओढून नेणारी. तिला किती दम द्यावा? चाळीस लिहिला. खोडून वीस केला. रागानं साठ केला आणि घाबरून पुन्हा खोडला. फार बळकट केली तर तो सूड होईल, आणि मऊ केली तर पुन्हा तेच लिंबूटिंबू. बुधवारी बाईचा फोन आला. ती रडत होती. "त्याला काही झालं तर? खेळातसुद्धा मला नाही बघवणार हो, ताई." 'काही होणार नाही' असं खोटं बोलायची तर ताईला आता भीतीच वाटत होती.

गुरुवारी ती एका उंच इमारतीतली लिफ्ट तपासायला गेली. आठ माणसांची, पाचशे चव्वेचाळीस किलोची. तिथला रखवालदार अभिमानानं म्हणाला, "मॅडम, आमचा जास्त वजनाचा भोंगा आजवर एकदाही वाजला नाही बघा!" ताईनं वजनं चढवायला लावली. पाचशे. सहाशे. सातशे. भोंगा गप्प, दार खुशाल मिटलं. रखवालदार कौतुकानं हसत होता. ताई त्या मिटलेल्या दाराकडे बघत राहिली. मग तिनं कागदावर 'नापास' लिहिलं.

"का हो? कोणाला त्रास नाही त्याचा!"

"म्हणूनच," ती म्हणाली. "वेळ आली की वाजायला हवा तो." आणि तिथेच, लिफ्टच्या दारात, तिला बुडिणीचा आकडा मिळाला.

रविवारी तीनला चादर पसरली गेली. आडोसा नव्हता. त्याच्याशिवाय ताईला उघड्यावर बसल्यासारखं वाटत होतं. तिनं बुडिणीचा कागद टेबलाच्या मध्यभागी सरळ ठेवला.

"वाचा," ती म्हणाली. "चौतीस दम. तेरा किंवा वर पडले तर तिचा घाव बसतो, चार दम जातात. असं तळं चार वेळा ओलांडलंत तर एकदा तुमच्यातलं कोणीतरी खाली राहील. काठाकाठानं लांबची वाट आहे, तिथे कोणी काही करणार नाही. कुठून जायचं ते तुम्ही ठरवा."

"काठानं," बाई लगेच म्हणाली.

"काठानं काय वाईट आहे?" डॉक्टर म्हणाले.

"मी नावाडी आहे," धाकटा म्हणाला. "काठानं चालत जाऊ?"

झालं, नाव पाण्यात गेली. ऊन चादरीवर पसरलं, पडदा फुगला, आणि भिंती हळूच मागे सरून धुकं झाल्या. वल्ह्यांचा आवाज येत होता. तो पंख्याचा होता हे नंतर कोणाला आठवलं नाही. ताई सांगत होती, आणि सांगता सांगता तिलाच दिसलं, पाण्याखालून हिरवे केस पसरत येतायत. सगळ्यांसमोर तिनं फासा टाकला. चौदा. पैलवानाला लागला. डॉक्टरांनी आई गं म्हणून खांदा धरला. पैलवानाची गदा बसली, चोराची सुरी बसली. बुडिणीचा फासा पुन्हा पडला. सोळा, नावाड्याला. मग सहा, चुकला, खरोखरचा चुकला, आणि धाकटा असा मोठ्यानं ओरडला की सगळे दचकले. त्याच्या तोंडावर रंग आला होता. अकरा महिन्यांत प्रथमच त्याला वाटणारी भीती कोणी झाकून ठेवली नव्हती.

मग बुडिणीनं चोराचा पाय धरला. बाईच्या कागदावर दम उरला होता तीन. बुडिणीचा उरला होता पाच. धाकट्याचा सात.

"मी मध्ये पडतो," धाकटा म्हणाला. "तिचे हात माझ्यावर घेतो."

"नको," बाई म्हणाली.

"माझी पाळी आहे. तू नाव घेऊन नीघ."

ताईनं फासा उचलला. तो तळहातात गरम झाला होता. तिला वाटलं, हात हलला, धक्का लागला, खाली पडला, काहीतरी म्हणावं. सगळे बघत होते. तिनं टाकला. फासा चादरीवरून घरंगळत उन्हात गेला आणि थांबला.

वीस.

"पुन्हा टाका," बाई कुजबुजली. "ताई, पुन्हा टाका ना."

"कोणी हात लावायचा नाही," धाकटा म्हणाला. तो ताईकडे बघत होता. "सांग."

घरातून हद्दपार केलेला तो शब्द तोंडातून काढायचा म्हणजे काय, हे ताईचं तिलाच माहीत. "लागला," ती म्हणाली. "दुप्पट. मेलास तू."

डॉक्टरांनी टोपी असती तर काढली असती, तसा हात डोक्याशी नेला. धाकटा खुर्चीत मागे टेकला आणि त्यानं डोळे मिटले. त्याला राग आला असेल, छातीत काही होत असेल, ताईला काही कळेना. मग त्यानं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"खाली काय आहे?"

ताईनं हे योजलेलं नव्हतं. ती बोलायला लागली आणि तिचं तिलाच ऐकू येत गेलं. "आधी पाणी हिरवं आहे. मग निळं. बुडिणीनं तुझे हात सोडलेत. तिला ओढायचंच नव्हतं फार, सोबत हवी होती. तू हळूहळू उतरतोयस."

"खोल आहे?"

"खोल आहे."

"दुखतंय?"

"मघाशी दुखलं. आता नाही."

"मला रोज हे विचारायचं असतं," धाकटा म्हणाला. "तुम्ही कोणी विचारूच देत नाही."

बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही. खोलीभर निळा उजेड झाला होता. ताई रडत होती, पण तिचा आवाज मोडला नाही.

"आणि वरचे?" धाकट्यानं विचारलं. "वर काय चाललंय?"

ताईनं बाईकडे बघितलं. आता तिची पाळी होती. बाईनं दोन्ही हात टेबलावर घेतले आणि हवेत काहीतरी घट्ट धरलं.

"मी वल्हवतेय," ती म्हणाली. "सारखी मागे वळून बघतेय. पण वल्हं सोडलेलं नाही मी."

"नको सोडूस," धाकटा म्हणाला, आणि डोळे न उघडता त्यानं तिच्या बाजूला हात पुढे केला.